धुडकू नाना आणि तिसऱ्या दिवसाचा घाट

धुडकू नाना कधी कुणाच्या समोर बसत नसत. बसायचे ते शेजारी, डाव्या अंगाला, भिंतीला पाठ टेकून. दोघांची नजर एकाच दिशेला. मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेले तेव्हा समोर खुर्ची ओढली, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा ठेवला आणि सुरू झाले. त्यांनी हात वर केला.

"ताई, समोर बसतो तो पोलीस, नाही तं डॉक्टर. तुम्ही दोन्ही नाही. इकडं या, बाजूला बसा."

मला राग आला. त्या दिवसांत मला रोजच राग यायचा. जळगावातल्या एका छोट्या व्यसनमुक्ती संघटनेत मी पत्रकं लिहीत होते, शाळांत आणि बाजार समित्यांत भाषणं देत होते. चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या कॅप्सूल विकणाऱ्या मेडिकलवाल्यांवर माझा राग होता. माणसाला खाटेला बांधून 'उपचार' करणाऱ्या खासगी केंद्रांवर होता. आणि खरं सांगायचं तर व्यसन करणाऱ्यांवरही होता, फक्त ते पत्रकात लिहायचं नसतं. आता मी ती संघटना सोडली आहे. राग राहिला आहे, पण त्याचं काय करायचं ते कळेनासं झालं आहे. नानांबद्दल लिहायला बसले ते त्यामुळेच असेल.

त्यांची खोली धुळ्याला, हायवेलगत, जुन्या टायरांवर नवं रबर चढवणाऱ्या एका दुकानाच्या मागं. दुकानदार त्यांचा ड्रायव्हरीतला जुना दोस्त. खोलीत दोन गाद्या, एक खुर्ची, एक माठ, एक बादली, आणि दिवसभर जळक्या रबराचा वास. नाना साठीच्या अलीकडचे, ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा. उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच काळा. अठ्ठावीस वर्षं ट्रकच्या खिडकीतून ऊन लागलेला हात तो. धुळे, इंदूर आणि त्याच्याही पुढं. झोप येऊ नये, पाठ दुखू नये म्हणून ढाब्यावरच्या चहात डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुगा. डोडा मिळेनासा झाला तेव्हा कॅप्सूल. आधी दोन, मग दहा, मग मोजणं बंद. त्यात गाडी गेली, बायको आजारपणात गेली तेव्हा हे कुठल्याशा ढाब्यावर पडून होते, आणि मुलानं, प्रवीणनं, सुरतेहून सांगितलं की यापुढं मला फोन करू नका.

त्यानंतर त्यांनी सोडलं. "सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "उद्याचं लिहून देत नाही."

माझ्या पत्रकात हे वाक्य बसत नव्हतं.

त्यांचं काम एकच. सोडणाऱ्या माणसाला आधी डॉक्टरकडं न्यायचं, डॉक्टरनं हो म्हटलं की खोलीत आणायचं, आणि मग त्याच्या शेजारी बसून राहायचं. चार दिवस, पाच दिवस. मीठ-साखरेचं पाणी, भाताची पेज, पायांना गरम पाण्याची पिशवी, घाण झालेले कपडे धुणं. उपदेश नाही. शाबासकी तर बिलकुल नाही. "शाबास म्हनलं का मानूस सुट्टी घेतो," असं त्यांचं म्हणणं. ते फक्त विचारायचे, "कोठे पोचना, भाऊ?"

कारण त्या दिवसांचा त्यांनी रस्ता केला होता. पहिल्या दिवशी सकाळी धुळं सोडलं. जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, उन्हाळ्यातही अंगावर काटा, म्हणजे सोनगीर. संध्याकाळी हाडं ठणकू लागली, पाय आपोआप झटके देऊ लागले की नरडाणा. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब, शिरपूर आलं. तिसरा दिवस बिजासनचा घाट. या रस्त्यानं ट्रक नेलेल्या कुणालाही तो घाट समजावून सांगावा लागत नाही. भरलेली गाडी, पहिला गियर, पुढच्या गाडीचा धूर तोंडावर. घाटात गाडी वळवता येत नाही, एवढंच नाना सांगायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस चहा मागायचा. तो चहा सेंधव्याचा. आणि तो पिऊन माणूस जरा हसला की लगेच नाना, "सेंधवा उनं म्हनजे दिल्ली उनी असं नही. आते तर रस्ता सुरू व्हयना."

सेंधवा आलं म्हणजे दिल्ली आली नव्हती, हे खरं होतं. पुढं महिनोन्‌महिने झोप नसते, चव नसते, कशात मन नसतं. त्याबद्दल कुणी भाषण देत नाही.

गजूला या रस्त्याचा उपयोग नव्हता. गजू यावलकडचा, केळीच्या बागेत गाडी भरणारा, तिशीतला. त्याला मीच घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गादीवरून उठून दाराशी गेला.

"नाना, मले जाऊ द्या. माह्या पायातून कोणी दोऱ्या ओढून राह्यलं."

"कोठे पोचना?"

"कुठी पोचलो, कुठी पोचलो! मी कधी शिरपूरच्या पुढं गेलोच नाही!"

"मंग आते चाल मन्हासंगे," नाना म्हणाले आणि दारातच त्याच्या शेजारी बसले. दार त्यांनी अडवलं नाही, हे मी पाहिलं. मी असते तर कडी लावली असती. गजू उभा राहिला, वाकला, उंबऱ्यावरच ओकला आणि बसला. नानांनी फडकं घेतलं. "शिरपूर," ते पुसता पुसता म्हणाले. गजूला रडता रडता हसू आलं.

पाचव्या दिवशी त्यानं चहा मागितला. दहाव्या दिवशी तो बागेत कामावर गेला. आणि अकराव्या दिवशी, मी नानांच्या खोलीत होते तेव्हा, त्याचा फोन आला की घेतली.

मी तोंडाला येईल ते बोलले. नानांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "किती घेतल्या?" एकच. "जुन्या इतक्या नाही ना?" नाही. त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला, मग म्हणाले, "कशी घेतली ते सांग."

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. गजूच्या टोळीत सहा जण. बागेतून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत केळीचे घड खांद्यावर वाहायचे, एकामागं एक, रांगेत. एक जण मंदावला की मागचे सगळे अडतात, आणि घड कुठंतरी टेकवला की डाग पडतो. म्हणून मुकादम सकाळच्या पहिल्या चहाबरोबर प्रत्येकाच्या हातावर कॅप्सूल ठेवायचा. दुखणं उठायच्या आधीच. तिथं त्याला कुणी नशा म्हणतच नव्हतं. 'चहासोबतची' एवढंच तिचं नाव. गजूला आम्ही पाच दिवसांत तो रस्ता पार करून दिला आणि परत त्याच रांगेत उभं केलं. चूक आमचीच होती, पण ती तशी मानायला मला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी नाना आणि मी एसटीनं यावलला गेलो. मी बांधावरूनच मुकादमावर ओरडायला सुरुवात केली. पोलीस, औषध निरीक्षक, वर्तमानपत्र, सगळं काढलं. मुकादम शांतपणे तंबाखू मळत होता. गजूला बांधावर बसवून नाना पुढं झाले.

"आबा, गजूचे आजचे फेरे मी मारतो."

"तुम्ही? वय काय तुमचं?"

"वय चष्म्याला विचारा."

आणि त्यांनी खरंच खांद्यावर फडकं टाकून घड उचलला. तिसऱ्या फेरीत त्यांचा घड झाडाला घासला, चौथीत ते स्वतःच चिखलात बसले. टोळी पोट धरून हसली. "नाना, गाडी चालवा तुम्ही, केळीला हात नका लावू!" एक जण म्हणाला. "डाग पडलेले घड घरी न्या, शिकरण करा!" दुसरा. नाना चिखलात बसल्या बसल्या त्यांच्याशी बोलू लागले. कुणाची कंबर कधीपासून दुखते, सुटीच्या दिवशी कॅप्सूल नाही घेतली तर काय होतं. "सर्दी होते," एक जण म्हणाला. "जांभया येतात," दुसरा. मग कुणी हसेना. सहाही जण एकमेकांकडं बघायला लागले. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, सुटीच्या दिवशी आपल्यालाच बरं नसतं.

तिथंच ठरलं ते त्यांनीच ठरवलं. एका वेळी दोघांनी खोलीत यायचं, बाकी चौघांनी त्यांचे फेरे वाटून घ्यायचे. मुकादम बडबडला, पण सहा माणसं एकदम गेली असती तर त्याची गाडीच भरली नसती. सहांतले चौघे बाहेर पडले. दोघे नाही पडले. त्या दोघांची नावं मी पत्रकात घालत नसे. नाना मात्र त्यांना दर आठवड्याला फोन करायचे, आणि गजूही करायचा.

गजूला तेव्हा सरकारी उपचार केंद्रावरच्या डॉक्टरनं जिभेखालची गोळी सुरू केली. ती ओढ शांत ठेवते, नशा चढू देत नाही. मला ते पटलं नव्हतं. आमच्या पत्रकात ठळक अक्षरात एक ओळ होती, 'कुठलीही गोळी म्हणजे नशाच. निर्धार हेच औषध.' ती ओळ मी लिहिली होती. लिहिताना मी एकाही डॉक्टरला विचारलं नव्हतं. ठसठशीत वाटली, लिहिली.

जामनेरच्या बाजार आवारात कार्यक्रम होता. मी माईकवरून सांगितलं, "हे धुडकू नाना. सहा वर्षं, निव्वळ निर्धाराच्या जोरावर, मुक्त!" टाळ्या पडल्या. नाना माईकजवळ आले, चष्मा पुसला.

"ताई चांगल्या शेतस," ते म्हणाले, "पन चुकीचं सांगतात. मी रोज गोळी घेतो. सहा वर्षं."

आवारात कुजबूज. मागून एक जण ओरडला, "म्हणजे सुटलंच नाही की, नाना! ब्रँड बदलला फक्त!" लोक हसले.

"बरोबर शे, भाऊ. ब्रँड बदलला," नाना म्हणाले. "जुन्या ब्रँडनं मी बायकोच्या तिरडीला नव्हतो. या ब्रँडवर तुमच्यापुढं उभा शे." ते जरा थांबले. "बोदवडचा संतोष. माझ्याच खोलीत होता. घाट पार केला त्यानं. म्हने, मला गोळी नको, मी निर्धारानं राहतो. मी म्हनलं, बरं. बावीस दिवस राहिला. तेविसाव्या दिवशी एकदा घेतली, आधी घ्यायचा तेवढीच. पन बावीस दिवसांत अंगाची सवय गेलेली असते. तेवढं आता अंगाला झेपत नाही. श्वास थांबला त्याचा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांना सांगतो. तुम्हालाही सांगून ठेवतो."

आणि ते खाली उतरून शेंगदाण्याच्या पोत्यावर जाऊन बसले. त्या दिवशी पुढं कुणी भाषण केलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी भांडले. तुम्ही कार्यक्रम पाडलात म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "ती ओळ काढा, ताई," एवढंच बोलले. मी हो म्हटलं. पण छापलेली पत्रकं बरीच उरली होती, आणि संघटनेत छापलेलं फेकून देत नाहीत. ती आधी संपवायची असं ठरलं. मीही मान डोलावली.

त्यातल्या एका पत्रकाचा फोटो सुरतेला गेला.

प्रवीणनं त्या सुमारास नानांशी पुन्हा बोलायला सुरुवात केली होती. महिन्यातून एखादा फोन, तोही कामापुरता; त्यातच नानांनी त्याला आपल्या गोळीबद्दल सांगितलं होतं. त्याला चार वर्षांचा मुलगा होता, नानांनी न पाहिलेला. फोटो मिळाला तसा प्रवीणनं निरोप पाठवला. गोळीसुद्धा नशाच असते असं तुमच्याच लोकांनी छापलंय. ती बंद झाली की सांगा, पोराला घेऊन येतो.

नानांनी हे कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याला डॉक्टरशिवाय एक पाऊल टाकू न देणाऱ्या या माणसानं स्वतःची गोळी आपल्या आपण बंद केली.

मला गजूचा फोन आला तेव्हा सात दिवस उलटले होते. नाना दोन दिवस फोन उचलत नव्हते म्हणून तो यावलहून थेट धुळ्याला गेला होता, आणि निरोपाचं सगळं त्यानं नानांच्या तोंडून काढून घेतलं होतं. मी पोचले तेव्हा खोलीत नाना भिंतीकडं तोंड करून पडले होते. दाढी वाढलेली. पाय हलत होते. भर मे महिन्यात अंगावर गोधडी. माझ्याकडं बघून म्हणाले, "कशाला आल्या? जा. पत्रकं वाटा."

एवढं कडू ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

गजूनं उशीखालून एक पत्ता काढून मला दाखवला. कॅप्सूलचा. पूर्ण भरलेला, एकही फोडलेली नव्हती.

"कधी आणला, नाना?" गजूनं विचारलं.

"काल."

"फोडला नाही?"

"तुले काय वाटस, मी काय शाबासकीसाठी ठेवना?" नाना ओरडले आणि मग त्यांचा आवाज फाटला. "संतोष डोयासमोर उना रे. दोन डाव हात घातला, दोन्ही डाव संतोष उना."

"मग चला केंद्रावर."

"नही. सात दिवस व्हयनात. आते वाया घालू का? नातू येवाव शे."

"नातू काय पाहायले येईन, नाना?" गजू म्हणाला. "तुमची तिरडी?"

नानांनी त्याला एक अर्वाच्य शिवी दिली. गजूनं ती ऐकून घेतली, त्यांच्या पायांत चप्पल घातली, एक पाय, मग दुसरा, आणि त्यांना उठवलं. नाना उठले. मला वाटतं ते कुणीतरी उठवायचीच वाट बघत होते. मी रिक्षा आणली. मला तेवढंच करता आलं.

केंद्रावर गर्दी होती. डॉक्टर तरुण होती, थकलेली. तिनं नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, काय काय घेतलं आणि काय नाही ते दोनदा विचारलं. रागावली नाही. स्वतःच्या हातानं गोळी जिभेखाली ठेवली आणि म्हणाली, "विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही. दहा मिनिटं. बाहेर बाकावर बसा."

बाकावर नाना, गजू आणि मी. नानांच्या कपाळावर घाम. गजूनं त्यांच्या खिशातून त्यांचा फोन काढला, नंबर शोधला, स्पीकर लावला. नानांनी हात पुढं केला, पण तोंड उघडता येत नव्हतं.

"हॅलो. प्रवीणभाऊ? मी गजू, यावलचा. केंद्रावरून बोलतोय, नानांसंगे हाये."

"काय झालं बाबांना?"

"गोळी बंद केली होती त्यांनी. सात दिवस. तुह्या निरोपावरून. उशीखाली कॅप्सूलचा पत्ता सापडला. फोडला नव्हता, पण उद्या फोडला असता. आता गोळी पुन्हा चालू केली डॉक्टरीणबाईनं. ती बंद होणार नाही. कधी व्हायची ते डॉक्टर पाहतील, तू नाही आन मी नाही."

मी मान खाली घातली. मग बोलले. "प्रवीणभाऊ, ते पत्रक मी लिहिलं होतं. ती ओळ चुकीची आहे. डॉक्टरला न विचारता लिहिली."

पलीकडून एवढंच आलं, "बाबांना द्या."

"ते ऐकून राह्यले," गजू म्हणाला. "बोलता येत नाही. गोळी जिभेखाली हाये. अजून आठ मिनिटं."

"मग मी नंतर करतो."

"नंतर नको करू, भाऊ. तुहं नंतर सहा वर्षांचं असतं."

नानांनी गजूच्या मांडीवर जोरात थाप मारली. रागानं की कशानं, कळलं नाही. फोन कापला जाणार असं मला वाटलं. स्क्रीनवर सेकंद पुढं सरकत होते. सुरतेच्या त्या घरात टीव्ही चालू होता, कार्टूनचा आवाज. एक लहान मूल विचारत होतं, पप्पा, कोण आहे? प्रवीणनं उत्तर दिलं नाही. त्यानं विचारलं, "अजून किती?"

"सात," गजू म्हणाला.

माझी जळगावची शेवटची सोयीची बस होती. मी उठले. नानांनी माझ्याकडं पाहिलं, चष्म्यामागचे डोळे लाल होते, आणि नाकातून वाहणारं पाणी ते पुसतही नव्हते, कारण गजूकडून घेतलेला फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. ओठ घट्ट मिटलेले. मी दारापाशी पोचले तेव्हा पोरानं पुन्हा विचारलं, कोण आहे? आणि या वेळी प्रवीणचा आवाज आला, फोनपासून जरा लांब वळून, हळू, "आजोबा आहेत. थांब, बोलतील."